समुद्रकिनाऱ्यावरील भोकाचे दगड : तबेल्यातील तोडग्यापासून बागेतील लटकत्या माळेपर्यंत – इंग्लंडमधील एका लोकरीतीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहासाचे लेखन प्रामुख्याने राजसत्ता, युद्धे, करार आणि थोर व्यक्तींची चरित्रे यांच्या आधारे होत आले आहे. मात्र सामान्य माणसाने रोजच्या व्यवहारात हाताळलेल्या क्षुल्लक वस्तूंनाही इतिहास असतो. किंबहुना ज्यांनी स्वतःविषयी काहीही लिहून ठेवले नाही, अशा माणसांच्या भीतीचा आणि आशेचा मागोवा घ्यावयाचा झाल्यास अशा वस्तूंकडेच वळावे लागते.

किनाऱ्यावर वेचलेले दगड, शिंपले व लाटांबरोबर वाहून आलेली लाकडे दोरीत ओवून बागेत अथवा ओसरीवर टांगणे, ही आज अनेक देशांत हौसेची गोष्ट समजली जाते. इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर या हौसेला एक विशिष्ट रूप आहे. तेथे नैसर्गिक भोक असलेले दगड सुतळीत ओवून त्यांच्या माळा कुंपणाला, झाडाला किंवा घराच्या भिंतीला टांगलेल्या आढळतात. या दगडांना तेथील लोकभाषेत ‘हॅग स्टोन’ म्हणजे ‘चेटकिणीचा दगड’ असे म्हणतात. शोभेच्या वस्तूला असे भयसूचक नाव का मिळाले, हा प्रश्न प्रस्तुत निबंधाच्या मुळाशी आहे.

मराठी वाचकाला ही रीत अगदीच अपरिचित वाटणार नाही. दाराला टांगलेले लिंबू, मिरची व बिब्बा, बैलाच्या गळ्यातील कवड्यांची माळ, लहान मुलाच्या मनगटावरील काळा दोरा या गोष्टी आपल्याकडे आजही दिसतात. इंग्लंडमधील रीतीशी त्यांचा थेट ऐतिहासिक संबंध नाही. परंतु ज्या संकटावर हाती उपाय नाही त्याच्या वाटेवर काहीतरी टांगून ठेवावे, ही प्रवृत्ती दोन्हीकडे सारखीच आहे. बैलाच्या गळ्यातील कवड्या दृष्ट लागू नये म्हणून आणि शोभेसाठीही असतात. इंग्लंडमधील भोकाच्या दगडाने याच दोन टोकांमधला प्रवास सुमारे तीन शतकांत केला.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) भोकाच्या दगडाच्या नैसर्गिक उत्पत्तीची व लोकसमजुतींतील स्थानाची माहिती घेणे.
२) हा दगड तबेल्यातून बागेत कसा आला, याचा कालानुक्रमे शोध घेणे.
३) डेरेक जार्मन यांच्या डंजनेस येथील बागेच्या संदर्भात या रीतीच्या बदललेल्या अर्थाची चिकित्सा करणे.
४) किनाऱ्यावरील वस्तू वेचण्याच्या हौसेमुळे निर्माण झालेल्या प्रश्नांचा विचार करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. सतराव्या शतकातील ग्रंथांमधील नोंदी, जार्मन यांचे प्रकाशित लेखन आणि किनारपट्टीविषयक कायदा यांचा आधार घेतला असून अभ्यासाची व्याप्ती इंग्लंडपुरती मर्यादित ठेवली आहे.

१. दगड आणि त्यातील भोक :

दक्षिण व पूर्व इंग्लंडच्या किनाऱ्यावर खडूच्या खडकाचे पांढरेशुभ्र कडे आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावर साचलेल्या या मऊ खडकात फ्लिंट म्हणजे चकमकीच्या कठीण दगडाचे वेडेवाकडे गोळे तयार झाले. प्राचीन सागरी जीवांच्या बिळांत अथवा स्पंजांच्या अवशेषांभोवती हा दगड घट्ट होत गेल्याने काही गोळ्यांच्या आत पोकळी किंवा मऊ गाभा राहून गेला. समुद्राने कडे ढासळवले, दगड लाटांत घासले गेले, मऊ गाभा झिजून बाहेर पडला आणि आरपार भोक तयार झाले. मऊ खडू व चुनखडीच्या दगडांत काही शिंपलेधारी प्राणीही भोके कोरतात.

म्हणजे या दगडाच्या भोकाला माणसाचा हात लागलेला नसतो आणि लोकरीतीच्या दृष्टीने हीच बाब निर्णायक ठरली. असा दगड विकत घेण्यापेक्षा वा मुद्दाम शोधण्यापेक्षा तो अवचित सापडला तर अधिक गुणकारी, असे अनेक ठिकाणी मानले जाई. यंत्राने पाडलेल्या भोकाला आजचे हौशी कारागीरही कमी लेखतात. त्यामागे सौंदर्यदृष्टी असली, तरी तिच्या मुळाशी ही जुनी समजूत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

२. तबेल्यातील दगड :

इंग्रज पुरातत्त्वप्रेमी जॉन ऑब्री यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकसमजुतींच्या विपुल नोंदी केल्या. १६९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मिसलेनीज’ या ग्रंथात तबेल्यातील दगडाचा उल्लेख येतो. घोड्याच्या गव्हाणीजवळ नैसर्गिक भोक असलेला चकमकीचा दगड दोरीने टांगला जाई. रात्री चेटकीण घोड्यावर स्वार होऊन त्याला पळवते आणि त्यामुळे तो सकाळी घामाने निथळत असतो, अशी मोतद्दारांची व गाडीवानांची समजूत होती. दगड टांगला की तिला घोड्यावर बसता येत नाही, असे ते मानत.

ही समजूत आज हास्यास्पद वाटेल. परंतु तिच्यामागील व्यवहार लक्षात घेतला पाहिजे. गाडीवानाचे पोट घोड्यावर चालत असे. धडधाकट घोडा एका रात्रीत गळून गेला, तर त्याचे कारण सांगणारे शास्त्र त्या काळी गाडीवानापाशी नव्हते आणि उपचारही बेभरवशाचे होते. टांगलेला दगड हे त्या असहायतेवरचे उत्तर होते. तो फुकट मिळे, त्याला कोणाच्या परवानगीची गरज नसे आणि तो डोळ्यांसमोर लटकत राही. मालकाने काहीतरी केले आहे, एवढा दिलासा त्यातून मिळत असे.

मात्र या रीतीकडे केवळ निरुपद्रवी भोळेपणा म्हणून पाहणे योग्य होणार नाही. नॉर्विच येथील वैद्य व लेखक सर टॉमस ब्राउन यांनी १६४६ साली प्रथम प्रकाशित झालेल्या ‘स्यूडोडॉक्सिया एपिडेमिका’ या ग्रंथात प्रचलित गैरसमजुतींची झडती घेतली. तबेल्यात पोकळ दगड टांगून कोणता नैसर्गिक परिणाम साधणार, असा रोखठोक सवाल त्या ग्रंथात येतो. परंतु याच ब्राउन यांनी १६६२ साली बरी सेंट एडमंड्स येथील चेटूकविषयक खटल्यात वैद्यकीय मत देताना चेटकाची शक्यता मान्य केली. त्या खटल्यात एमी डेनी व रोझ कलेंडर या दोन वयस्क स्त्रियांना फाशी देण्यात आले. दगडाच्या गुणावर विश्वास नसलेल्या विद्वानाचा चेटकिणीवर मात्र विश्वास होता. गव्हाणीवरचा दगड आणि फाशीचा दोर एकाच भीतीतून लटकत होते, हे सत्य आजच्या शोभेच्या माळेकडे पाहताना विसरता येत नाही. इंग्लंडमध्ये चेटकाविरुद्धचे जुने कायदे १७३६ साली रद्द झाले. लोकमनातील समजुती मात्र कायद्याबरोबर नाहीशा झाल्या नाहीत.

एकोणिसाव्या व विसाव्या शतकातही हे दगड तबेल्याच्या किल्लीला, पलंगाच्या खांबाला व मासेमारी नौकांना बांधलेले आढळत. लंडनमधील बँकेत नोकरी करणारे एडवर्ड लव्हेट यांनी शहरातील तोडग्यांचा मोठा संग्रह केला. त्यांचे ‘मॅजिक इन मॉडर्न लंडन’ हे पुस्तक १९२५ साली प्रसिद्ध झाले. ऑक्सफर्ड येथील पिट रिव्हर्स संग्रहालयातही असे दगड जतन केलेले आहेत. तबेल्यातील दगड संग्रहालयाच्या कपाटात गेला, तेव्हा तो श्रद्धेचा विषय न राहता अभ्यासाचा विषय झाला होता.

३. बागेत आलेला किनारा :

याच काळात किनाऱ्यावरील वस्तू बागेत येण्याची दुसरी एक परंपरा इंग्लंडमध्ये रुजली. ती श्रीमंतांची होती. कवी अलेक्झांडर पोप यांनी लंडनजवळील ट्विकनहॅम येथे थेम्स नदीकाठी घर घेतले. रस्त्याखालून बागेकडे जाणाऱ्या भुयारी वाटेचे त्यांनी १७२० च्या दशकात शिंपल्यांनी व आरशांच्या तुकड्यांनी मढवलेल्या गुहेत रूपांतर केले. मध्यभागी दिवा टांगला की त्याचे असंख्य किरण भिंतींवर चमकत. गुडवुड येथे रिचमंडच्या डचेसने व तिच्या मुलींनी १७३९ ते १७४६ या काळात शिंपल्यांनी सजवलेले उद्यानगृह पूर्ण केले. अशा गुहाबागांसाठी लागणारे अनेक शिंपले दूरच्या समुद्रांतून व्यापारी व आरमारी जहाजांनी आणलेले असत. त्यांत साम्राज्याचा आणि संपत्तीचा दिमाख होता. जवळच्या किनाऱ्यावरच्या फुकटच्या दगडाला त्या सजावटीत मानाचे स्थान नव्हते.

एकोणिसाव्या शतकात रेल्वेने हे चित्र बदलले. १८४१ साली लंडन–ब्रायटन लोहमार्ग पूर्ण झाला आणि मध्यमवर्गाला समुद्रकिनारा गाठणे सोपे झाले. फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द ॲक्वेरियम’ (१८५४) यांसारख्या ग्रंथांनी किनाऱ्यावरील जीव व वस्तू वेचण्याचे वेड घराघरांत पोहोचवले. त्याचा परिणाम लवकरच दिसू लागला. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात, खडकांमधील जिवंत डबकी हौशी संग्राहकांच्या झुंडींनी ओरबाडून टाकल्याची खंत व्यक्त केली आहे. स्वतःच्या वडिलांच्या ग्रंथांचाही त्यात वाटा होता, याची त्यांना जाणीव होती. किनाऱ्यावरील प्रेमच किनाऱ्याला बाधक ठरू शकते, हा विचार येथे स्पष्टपणे मांडला गेला.

४. डंजनेस येथील बाग :

केंट परगण्यातील डंजनेस हे समुद्रात घुसलेले, जवळजवळ पूर्णपणे गोट्यांचे बनलेले विस्तीर्ण भूशिर आहे. माती नाही, आडोसा नाही, खारे वारे सतत वाहतात. मासेमारांच्या लाकडी झोपड्या, दीपगृहे आणि मागे अणुवीज केंद्राच्या प्रचंड इमारती असे तेथील दृश्य आहे. ‘डंजनेस ए’ हे केंद्र १९६५ साली सुरू झाले व २००६ च्या अखेरीस थांबले. ‘डंजनेस बी’ कायमचे बंद करण्याचा निर्णय २०२१ साली जाहीर झाला.

चित्रपट दिग्दर्शक व चित्रकार डेरेक जार्मन (१९४२–१९९४) यांनी १९८६-८७ च्या सुमारास येथील ‘प्रॉस्पेक्ट कॉटेज’ हे डांबर फासलेल्या काळ्या लाकडाचे व पिवळ्या खिडक्यांचे छोटे घर घेतले. डिसेंबर १९८६ मध्ये त्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले होते. त्या काळी या आजाराचे निदान म्हणजे मृत्यूची पूर्वसूचनाच होती. एझेडटी हे पहिले औषध १९८७ साली मान्य झाले. आयुष्य खऱ्या अर्थाने लांबवणारी संयुक्त औषधयोजना १९९६ च्या सुमारास प्रचारात आली. त्यावेळी जार्मन हयात नव्हते. आजाराबरोबर सामाजिक तिरस्कारही वाढत होता. समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करण्यास स्थानिक संस्थांना मनाई करणारे कलम २८ ब्रिटनमध्ये १९८८ साली लागू झाले. जार्मन यांनी आपला आजार उघडपणे सांगितला आणि या कलमाला जाहीर विरोध केला.

या पार्श्वभूमीवर त्यांची बाग आकाराला आली. तिचा आरंभ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या बागेवरील पुस्तकात ही हकीकत आली आहे. त्यांनी एक रानगुलाब लावला. वाऱ्यात त्याला आधार हवा होता. किनाऱ्यावर सापडलेले एक विचित्र आकाराचे वाहून आलेले लाकूड आणि भिंतीवर टांगलेल्या भोकाच्या दगडांच्या माळांपैकी एक माळ यांच्या साहाय्याने त्यांनी तो आधार दिला. बागेची सुरुवात तेथून झाली. पुढे उंच लाकडी ओंडके उभे राहिले, त्यांच्यावर दगडांच्या माळा चढल्या, गंजलेल्या साखळ्या व जाळ्यांचे तरंगते गोळे यांना जागा मिळाली. त्यांच्याभोवती सागरी केल, खसखस, सँटोलिना अशी खारा वारा सोसणारी झाडे वाढली. बागेला कुंपण नव्हते.

उभ्या केलेल्या ओंडक्यांमुळे व दगडांच्या वर्तुळांमुळे अणुवीज केंद्राचा बंदोबस्त करण्यासाठी येथे काही जादूटोणा चालला आहे, असा समज काही लोकांत पसरल्याचे जार्मन यांनी मिस्कीलपणे नमूद केले आहे. त्यांच्या दृष्टीने मात्र ही बाग म्हणजे उपचार आणि औषधालय होते. येथे इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण होताना दिसते. सतराव्या शतकातील गाडीवान आणि विसाव्या शतकातील कलावंत यांच्यामध्ये अखंड परंपरा होती, असा दावा करता येत नाही. जार्मन यांचा चेटकिणीवर विश्वास नव्हता आणि ते रुग्णालयातील उपचारही घेत होते. तथापि दोघांनीही वैद्यकाचा हात जेथे अपुरा पडत होता, तेथे दगड टांगला. फरक असा की, गाडीवानाचा दगड संकटाला बाहेर ठेवण्यासाठी होता. जार्मन यांची माळ, संकट घरात आलेले असताना, एका रोपट्याला वाऱ्यात उभे ठेवण्यासाठी होती. गाडीवानाच्या भीतीला दोष देण्यासाठी एक चेटकीण लागली आणि त्या भीतीने निरपराध स्त्रियांचे बळी घेतले. जार्मन स्वतः समाजाने दोषी ठरवलेल्यांपैकी होते आणि त्यांच्या बागेने कोणालाही दोष दिला नाही.

१९ फेब्रुवारी १९९४ रोजी जार्मन यांचे निधन झाले. त्यांचे सहचर कीथ कॉलिन्स यांनी २०१८ मधील आपल्या मृत्यूपर्यंत घर व बाग सांभाळली. त्यानंतर ही वास्तू विकली जाण्याची शक्यता निर्माण झाली असता, २०२० साली ‘आर्ट फंड’ या संस्थेने लोकवर्गणीची मोहीम राबवून ३५ लाख पौंडांचे उद्दिष्ट गाठले. आठ हजारांहून अधिक लोकांनी तीत वाटा उचलला. फुकटच्या दगडांनी सुरू झालेल्या बागेचा हा सार्वजनिक सन्मान म्हणावा लागेल.

५. माळेची घडण :

अर्थ बदलत गेला तरी माळेची घडण फारशी बदललेली नाही. दगड गोड्या पाण्यात धुतात, कारण मीठ हवेतील ओल ओढून घेते आणि सुतळी लवकर कुजते. वजनदार दगड खाली व हलके वर ठेवले की माळ वाऱ्यात फार गुंतत नाही. प्रत्येक दगडाखाली गाठ मारली तर दगड सुटे लटकतात व एकमेकांवर हलके आपटून नाद करतात. गाठ न मारता ओवले तर ते एकावर एक बसतात आणि भार तळच्या गाठीवर येतो. भोकाची कड धारदार असल्यास ती दोरी कापते. म्हणून लाटांनी गुळगुळीत केलेले भोक उत्तम. दोरीसाठी किनाऱ्यावर येऊन पडलेले जाळ्यांचे तुकडेही वापरता येतात. या कामाला छिन्नी लागत नाही, भट्टी लागत नाही. निवड, क्रम आणि गाठ एवढेच माणसाचे कर्तृत्व असते. बाकीचे काम समुद्राने आधीच केलेले असते.

६. किनारा कोणाचा ? :

हौस वाढली की फुकट वस्तूचाही प्रश्न होतो. ब्रिटनमध्ये किनारा संरक्षण कायदा, १९४९ च्या कलम १८ नुसार किनाऱ्यावरील सामग्री हलवण्यास बंदी घालण्याचा अधिकार स्थानिक प्राधिकरणांना मिळाला. गोट्यांचा किनारा लाटांचा जोर शोषून घेतो व मागील वस्तीचे रक्षण करतो, हे त्यामागील कारण आहे. डंजनेस येथे तर समुद्राने एका बाजूने वाहून नेलेले गोटे मालमोटारींनी पुन्हा दुसऱ्या बाजूला आणून टाकण्याचे काम अणुवीज केंद्राच्या संरक्षणासाठी दशकानुदशके करण्यात आले. एका माळेसाठी उचललेले आठ-दहा दगड त्या ढिगापुढे नगण्य होत. परंतु गोट्यांवर रुजणारी वनस्पती अतिशय नाजूक असून एकदा तुडवली गेली की सावरायला दीर्घ काळ घेते. जार्मन यांनी घराच्या दारातील किनाऱ्यावर सापडलेल्या वस्तू तेथेच वापरल्या. त्यांची माळ किनाऱ्यापासून दूर गेली नाही. तिचे अनुकरण करणारी हौस मात्र किनारा पिशवीत भरून शहरात नेते. एडमंड गॉस यांनी व्यक्त केलेली खंत या ठिकाणी पुन्हा आठवते.

निष्कर्ष :

१) भोकाच्या दगडाचे मोल त्याच्या नैसर्गिक व अवचित सापडण्यात होते. तोडगा आणि शोभेची वस्तू या दोन्ही रूपांत हे मोल टिकून राहिले.
२) सतराव्या शतकातील लटकता दगड हा गरीब कष्टकऱ्याच्या असहायतेचा पुरावा आहे. परंतु ज्या भीतीतून तो टांगला गेला, तीच भीती निरपराध स्त्रियांच्या छळालाही कारणीभूत झाली.
३) अठराव्या शतकातील शिंपल्यांच्या गुहाबागा संपत्तीदर्शक होत्या. स्थानिक किनाऱ्यावरील साध्या दगडाला बागेत मानाचे स्थान देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात डंजनेस येथील बागेकडे जाते.
४) जार्मन यांच्या माळेत जुनी श्रद्धा उरली नव्हती. तिच्यातील रक्षणाची इच्छा मात्र उरली होती आणि ती दुसऱ्या कोणाला दोषी न ठरवता व्यक्त झाली.
५) किनाऱ्यावरील वस्तूंची हौस जोपासताना वस्तू जेथे सापडली त्या जागेशी तिचे नाते तुटणार नाही, याची काळजी घेणे आवश्यक आहे.

सारांश, बागेत लटकणारी दगडांची एक साधी माळ ही घामाने निथळणाऱ्या घोड्याची, फासावर गेलेल्या दोन स्त्रियांची आणि खाऱ्या वाऱ्यात रानगुलाब जगवू पाहणाऱ्या एका आजारी माणसाची आठवण एकाच दोरीत ओवून ठेवते. तिच्याकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहणे म्हणजे तिच्या इतिहासाकडे पाठ फिरवणे होय.